भाड्याची गाडी, वहीसकट

माझ्या गाडीत, म्हणजे जुन्या मोटरहोममध्ये, चाकांवरच्या घरात, स्टीलचे ५ चमचे आहेत. मूळचे १२ होते. बाकीचे ७ कुठल्या फेरीत गेले ते मी तारीखवार सांगू शकते, कारण गाडीबरोबर तिची वहीही माझ्याकडे आली. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी, किराणा दुकानात उधारीला ठेवतात तसली. आधीच्या मालकाकडे गाडी पर्यटकांना भाड्याने देताना आणि परत घेताना तिच्यात नोंद व्हायची: चादरी, उशा, ताटं, चमचे, डिझेल, किलोमीटर. शेवटचा रकाना ‘तक्रार’.

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ शाखा-तपासणीत. तोंडी उत्तरापेक्षा रजिस्टरवर विश्वास ठेवायची खोड हाडात मुरली आहे. त्यामुळे पुण्याजवळच्या त्या आवारात गाडी पाहायला गेले तेव्हा भाऊ बॉनेट उघडायला गेला आणि मी वही मागितली. मालकाला जरा नवल वाटलं. आजवर कुणी मागितली नव्हती म्हणे.

पण आधी मुळात गाडी का, ते सांगते. उत्तर साधं आहे: संडास.

आई आता ८० वर्षांची आहे. डावा गुडघा वाकत नाही. भाऊ पुण्याला, मी इंदूरला, आणि आई माझ्याकडे. पूर्वी वर्षातून दोनदा तरी ती पुण्याला जायची. मग एकदा रेल्वेच्या हलत्या संडासात पडली आणि मनगट मोडलं. त्यानंतर रेल्वे बंद. मोटारीने जायचं तर ती आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं सोडायची. ‘वाटेत कुठे जायचं गं?’ हा तिचा प्रश्न. पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसतं, आणि किल्ली सापडलीच तर आत कमोड नसतो. दिवसभर पाणी न पिता धुळ्यापर्यंत आली की चक्कर. शेवटी तिनेच जाहीर केलं, ‘आता मी कुठेही येणार नाही, तुम्हीच या.’ घरातल्या बायकांची प्रवासातली ही तहान मी लहानपणापासून बघत आले, स्वतःही पाळत आले. पुरुषांना हे सांगावं लागतं, बायकांना नाही.

तेव्हा संडास चाकांवर न्यायचा, हे ठरलं. नवीन ट्रॅव्हलर, म्हणजे छोटी बस, घेऊन आतून असं घर बांधून घ्यायचं तर दोन ठिकाणी ३० लाखांच्या वरचे आकडे ऐकले आणि गप्प घरी आले. मग भावाला एक जाहिरात दिसली. पर्यटकांना मोटरहोम भाड्याने देणाऱ्या एका व्यवसायाने आपल्या चारपैकी दोन गाड्या विकायला काढल्या होत्या. फोर्स ट्रॅव्हलर, २०१८ची, १ लाख ६४ हजार किलोमीटर पळालेली. मागे दोन पलंग, मध्ये टेबल-बाक, तेही रात्री मोडून पलंग होतात, छोटं स्वयंपाकघर, छपरावर एसी, आणि एका कपाटाएवढ्या खोलीत कमोड. ड्रायव्हरसकट भाड्याने जायची, म्हणून नंबरप्लेट पिवळी. मागणी साडेचौदा लाख.

भाड्याची गाडी घेऊ नये, असं सगळे सांगतात. दहा हातांतून गेलेली, कुणाला माया नाही, वगैरे. मलाही तेच वाटत होतं. वही वाचली आणि मत फिरलं. खाजगी मालक गाडीचं दुखणं लपवतो, अगदी स्वतःपासूनही. ‘थोडा आवाज येतो, बाकी काही नाही.’ भाड्याने घेणारा माणूस मात्र पैसे मोजून चार दिवसांसाठी आलेला असतो आणि परत करताना अनामत रक्कम वाचवायची असते. तो प्रत्येक गोष्ट लिहून जातो. पाच वर्षं परक्या माणसांनी या गाडीविरुद्ध लेखी तक्रारी केल्या होत्या. एवढी प्रामाणिक कागदपत्रं मला कधी कुठल्या शाखेत मिळाली नाहीत.

वहीतून जे कळलं ते असं. पाण्याचा पंप रात्री आपोआप वाजतो, हे सहा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. फ्रिज दुपारनंतर थंड करत नाही, उन्हाळ्यात नऊ वेळा. मागच्या पलंगाची बिजागरी, एकदा दुरुस्त, पुन्हा कधी नाव नाही. आणि २०१९च्या जुलैत पहिल्यांदा: एसीच्या बाजूने पाणी ठिबकते. पुढे मालकाच्या माणसाची नोंद: सिलिकॉन भरले. ऑगस्टमध्ये पुन्हा ठिबक. पुन्हा सिलिकॉन. २०२० कोरं, कारण गाडी उभीच होती. २०२१च्या पावसाळ्यात परत ठिबक, परत सिलिकॉन. बँकेच्या भाषेत याला कर्ज ‘सदाहरित’ करणं म्हणतात. जुनं बुडीत झाकायला नवं द्यायचं आणि खातं निरोगी दाखवायचं.

मी छपराखालचं प्लायवूड बोटांच्या पेरांनी वाजवत गेले. सगळीकडे टक् टक्, एसीच्या भोवती थप् थप्. अंगठ्याने दाबलं तर नखाची खूण उमटली. त्यात आत वासाचा स्प्रे मारलेला. शाखेत शिरताना ताजी उदबत्ती दरवळली की आम्ही कॅशचं कपाट आधी उघडायचो.

भाऊ गाडीखाली झोपून गंज बघत होता. कोकणात पुष्कळ फेऱ्या झाल्या होत्या, समुद्राची हवा खालच्या पत्र्याला लागते. चासी ठीक निघाली, पायदानाचा पत्रा मात्र बिस्किटासारखा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चालती चार टायरं २०२२ची, स्टेपनी १४१८. म्हणजे २०१८च्या चौदाव्या आठवड्यातली, गाडीबरोबर जन्मलेली आणि कधीच न उतरवलेली. नक्षी अगदी कोरी. रबर दगड झालेलं.

मी वहीतल्या तक्रारींची यादी केली, प्रत्येकीसमोर अंदाजे खर्च लिहिला आणि बेरीज करून कागद मालकासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. वाद घालणार कसा, अक्षर त्याच्याच माणसांचं. अकरा लाख पस्तीस हजारांना ठरलं. आरसीवर अजून बँकेचा बोजा होता. ‘पत्र येईल, तुम्ही गाडी न्या,’ असं तो म्हणाला. हे वाक्य मी नोकरीत बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यांच्या फायली शेवटी कुठे गेल्या तेही पाहिलं आहे. विसार दिला आणि परत आले. कर्जफेडीचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावर उरलेले पैसे. मध्ये तीन आठवडे गेले. ऑनलाइन पाहिलं तर गाडीच्या नावावर वाहतूक दंडाची ११ चलनंही निघाली. ती त्यानेच भरली, नाराजीने.

गाडी आणायला भाऊ आणि मी. नाशिकनंतर मी चालवायला घेतली. ट्रॅव्हलर माझ्या साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते, कारण मर्यादा साडेसात टनांची आहे आणि ही तिच्या निम्म्याच्या आसपास. पहिले पन्नास किलोमीटर हात घामेजलेले. मोटारीत आपण बसतो, हिच्यात चढतो, आणि मागे आरशात रस्ता नाही, स्वयंपाकघर दिसतं. भाड्याच्या गाडीला वेगाचं बंधन घातलेलं, ८०च्या वर काटा जातच नाही. भावाला ते फार लागलं. मला अजिबात नाही, आणि पुढे पांढरी प्लेट मिळाल्यावरही मी ते काढलं नाही. बिजासन घाटात मागचं कुठलंसं कपाट उघडून सगळी ताटं खाली आली. सेंधव्याला चहा प्यायलो आणि मी स्वयंपाकघराच्या सगळ्या दारांना सुतळी बांधली.

खलघाटला नर्मदा ओलांडताना भावाने सवयीने खिडकीतून हात जोडले. तिथून पुढे चढ चढून मानपूर, महू, आणि मग डावीकडे पिथमपूरचा फाटा. तेव्हा भाऊ म्हणाला, ‘ताई, ही माहेरी आली.’ खरंच की. ट्रॅव्हलर पिथमपूरच्या कारखान्यात बनते, आमच्या घरापासून पाऊण तासावर. इथे जन्मली, पुण्याला नांदली, पाच वर्षं कोकण-गोव्याच्या वाऱ्या केल्या, आणि उतारवयात परत मुंबई-आग्रा रस्त्याने घरी. आई तिला पहिल्या दिवसापासून ‘टेंपो’ म्हणते. मी दुरुस्त करायला जायचे, मग लक्षात आलं की ती बरोबर आहे. २००५पर्यंत त्या कंपनीचं नावच बजाज टेंपो होतं. आणि टेंपो हे तरी मुळात एका जर्मन कंपनीचं नाव, जे आपण तीनचाकीपासून सगळ्याला चिकटवून टाकलं.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण मला विचारणारे बहुतेक जण इथेच अडतात. पर्यटनाचं परमिट आधी परत करायचं. मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना हरकत. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. इथे आल्यावर गाडीची तपासणी, मध्य प्रदेशचा रोड टॅक्स, आणि व्यावसायिकमधून खाजगीत बदल. स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन ही कायद्याने खाजगी वाहनांत बसते, ती नोंद नीट झाली की पिवळी प्लेट जाऊन पांढरी येते. आम्हाला सगळं मिळून पाच महिने लागले, दलाल न लावता. तपासणीला आलेल्या साहेबांनी आत शिरून कमोडवर झाकण आहे का तेही बघितलं आणि उतरताना म्हणाले, ‘मॅडम, इसमें तो हमारे क्वार्टर से अच्छा है।’

मग दुरुस्ती. मोटरहोमचा मेकॅनिक नावाचा माणूस इंदुरात मला सापडला नाही. त्याऐवजी चार माणसं लागतात: देवास नाक्यावरचा ट्रॅव्हलरचा मिस्त्री, इन्व्हर्टरवाला, प्लंबर आणि सुतार. चौघांनाही गाडीतला आपला भाग सोडून बाकी सगळं चुकीचं बांधलेलं वाटतं. सुताराला वायरी भिंतीतून नेल्याचा राग, इन्व्हर्टरवाल्याला पाण्याची नळी बॅटरीवरून नेल्याचा. दुसरा बरोबर होता.

ठिबक सुतार आणि एसीवाला यांनी मिळून काढली, आणि त्यात आठ दिवस गेले. एसी छपरावरून उचलला तेव्हा खाली सिलिकॉनचे तीन थर निघाले, एकावर एक, सोलल्यावर सायीसारखे अख्खे सुटून आले. जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही, एवढीच त्या पाच वर्षांच्या तक्रारींची गोष्ट होती. शिवाय पत्र्याचं छप्पर मे महिन्यात तापून फुगतं, रात्री आकसतं, चालताना थरथरतं. तिथे ताणलं जाईल असंच काहीतरी हवं. सगळं खरवडून, पत्रा स्पिरिटने पुसून, ब्युटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. कुजलेलं प्लायवूड काढून मरीन प्लाय. मग मी शिडीवर चढून बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारलं आणि आईला आत बसवलं. ती आतून ओरडत होती, ‘कोरडं आहे! कोरडं आहे! पुरे आता, पाणी वाया जातंय!’ तेव्हापासून दोन पावसाळे गेले.

प्लाय काढताना आत मूठभर वाळू निघाली. छपरात वाळू कशी चढली ते कळलं नाही. पलंगाखालच्या फळीवर खडूने काढलेला एक हत्ती आहे, चार पायांऐवजी पाच. कुठल्यातरी मुलाने आडवं पडून काढलेला असणार. त्यावर रंग मारू दिला नाही.

वहीत नव्हतं असंही एक निघालं. सिंकचं आणि हात धुतल्याचं पाणी जमा व्हायला गाडीखाली टाकी असते. तिची नळी कुणीतरी कापून सरळ रस्त्यावर सोडली होती. म्हणजे पाच वर्षं गाडी जिथे जाईल तिथे सांडपाणी टाकत गेली. गिऱ्हाइकाला त्रास नाही, म्हणून तक्रार नाही. रजिस्टरची ही मर्यादा मला ठाऊक असायला हवी होती. तिथे फक्त बोचलेलं लिहिलं जातं. आणि आता ही गाडी त्या शहरात आली होती जे २०१७पासून स्वच्छतेत पहिलं येतंय आणि २०२१मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं, ठरलंय. आमच्या गल्लीत कुणी पिचकारी मारली तर शेजारचे काका गॅलरीतून नाव घेऊन ओरडतात. पहिल्याच दिवशी गाडीखालून ओघळ निघाला तेव्हा ते फाटकाशी उभेच होते. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावून नळीला व्हॉल्व्ह बसवला.

संडासाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माहितीपत्रकांत ते नसतं. कमोडखाली एक पेटी असते, कॅसेट म्हणतात, माझी १८ लिटरची. भरली की बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि नेऊन ओतायची. दोन माणसांना तीन-चार दिवस पुरते, असं सांगतात. तो हिशोब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे हाताशी जेट लागतो, आणि जेटने माणूस एका वेळेला किती पाणी घालतो हे मी मोजलं: मी सव्वा लिटर, आई दोन. कॅसेट दीड दिवसात भरते. वहीत ‘संडास भरला’ ही तक्रार का एवढ्या वेळा होती ते तेव्हा उमगलं. आता जेट काढून तिथे अर्ध्या लिटरचा मग टांगला आहे. आईने आधी नाक मुरडलं, मग म्हणाली, लहानपणी तांब्याच होता. फिनाइल, ॲसिड आत ओतायचं नाही, रबराचं सील खराब होतं. ओतायची जागा म्हणजे घरचा संडास, किंवा मुक्कामाच्या ठिकाणचा, विचारून. भरलेली पेटी १८ किलोंच्या वर जाते. माझं वय ६१. पेटीला चाकं आहेत म्हणून बरं.

विजेचंही एक गणित मांडते. गाडीत १२ व्होल्टची, २०० एएचची (अँपिअर-तासांची) साधी लेड-ॲसिड बॅटरी होती. कागदावर २४०० वॉट-तास, पण ती अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला १२०० उरले. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. तेव्हा ‘एसी मोटरहोम’ म्हणजे बॅटरीवर एक तास थंडावा. मग गिऱ्हाईक रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपायचं, आणि ते वहीत डिझेलच्या रकान्यात दिसायचं. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, छपरावर २०० वॉटच्या दोन सोलर प्लेटा लावल्या. इंजिनातून चार्ज करायला मध्ये एक डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो, नाहीतर अशी बॅटरी अल्टरनेटरला शोषून तापवते. आता फ्रिज, दिवे आणि रात्रभर १२ व्होल्टचा पंखा आरामात चालतात. एसी फक्त मुक्कामाला वायर जोडली तर. एप्रिल-मेमध्ये आम्ही जातच नाही. माळव्याच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात झोपणं हे धाडस मी तरुणांवर सोडलं आहे.

गॅसची जोडणीही काढली. झोपायच्या जागेपासून चार फुटांवर सिलिंडर मला नको होता. पाच किलोचा छोटा सिलिंडर बाहेरच्या पेटीत असतो, शेगडी बाहेर मांडूनच पेटते. त्यावर सकाळचे पोहे. जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी आणि शेव घरून.

पहिली फेरी महेश्वरची, ९० किलोमीटर. आई आदल्या दिवशी गुपचूप पाणी कमी करत होती. मी बघितलं आणि काही बोलले नाही. मानपूरला गाडी झाडाखाली लावली आणि विचारलं, ‘जायचंय?’ ती आत गेली. बाहेर आली, बाकावर बसली, आणि म्हणाली, ‘चहा टाक. पूर्ण कप.’ पुढे धामणोदपर्यंत तिने पाण्याची अर्धी बाटली संपवली, आणि धामणोदला पुन्हा थांबायला लावलं, गरज नसताना, केवळ थांबता येतं म्हणून. महेश्वरला घाटाच्या पायऱ्या तिला उतरवणार नव्हत्या. ती वरूनच नर्मदा बघत बसली आणि अहिल्याबाईंच्या वाड्याविषयी आपल्या आजीकडून ऐकलेलं सांगत राहिली, त्यातलं निम्मं मला पहिल्यांदाच कळलं.

मग मांडू, पावसात. धुक्यात जहाज महाल दिसलाच नाही, पण गाडीत बसून भुट्टे खाल्ले. जानेवारीत पुणे. वहिनीने दारात ओवाळलं, गाडीला की आईला ते नक्की कळलं नाही. ती आमच्या मराठीला अजून हसते. आई ‘येत होते’ या अर्थाने म्हणाली ‘मी येऊन राहिले होते तेव्हा...’ की वहिनी विचारते, ‘राहिलात कुठे?’

अडचणी आहेतच. उंची एसीसकट २ मीटर ९५. डॅशबोर्डवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, कारण पहिल्या महिन्यात मी स्वतःच्याच गल्लीतली केबलची वायर तोडली आणि ऐन सामन्याच्या दिवशी सोळा घरांचा टीव्ही बंद पाडला. काकांनी आठ दिवस अबोला धरला. गल्लीत लग्नाचा मांडव पडला की गाडी तीन दिवस आत अडकते. डिझेल लिटरला नऊ किलोमीटर, घाटात सात. जुन्या शहरात, राजवाडा-सराफ्याकडे ती न्यायचा विचारही करू नये. सराफ्यात रिक्षाने जायचं, हे कुणालाही कळतं. मी एकदा प्रयत्न केला आहे.

खर्चाचं विचाराल तर दुरुस्ती, बॅटरी, सोलर, टॅक्स धरून माझे एकूण पावणेसोळा लाख झाले. म्हणजे भाड्याची गाडी स्वस्त पडते हे खरं, पण जाहिरातीतल्या आकड्याएवढी स्वस्त नाही. आणि वर्षातले ३००हून अधिक दिवस ती दारात उभी असते. उभ्या गाडीचा पंप सुकतो, टाकीतलं पाणी हिरवं पडतं, पाली राहायला येतात. दर पंधरा दिवसांनी मी ती राऊपर्यंत फिरवून आणते, टाकी रिकामी करते.

नातेवाइकांचा आवडता प्रश्न, ‘भाड्याने देता का?’ पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देता येत नाही, एवढंच मी सांगते. आतेभावाने एकदा ‘भाडं नको, डिझेल भरतो’ असा मार्ग काढला. त्याच्या पोरांनी गोव्याला नेली असती. आईने परस्पर उत्तर दिलं, ‘चमचे पाचच उरलेत.’

वही मी चालू ठेवली आहे. पाठीमागच्या कोऱ्या पानांवर, तेच रकाने, फक्त चादरी-उशा मोजत नाही. तक्रारीचा रकाना आई भरते. चष्मा लावून, सावकाश, बाळबोध अक्षरात. मागच्या फेरीची नोंद, ओंकारेश्वर, १५४ किलोमीटर जाऊन-येऊन: पायरी उंच आहे. उशी पातळ. पंप रात्री वाजला. खाली तिने सही केली आहे आणि अनामत रक्कम परत मिळावी असं लिहिलं आहे. पंपाचं मी या रविवारी बघते.